पहिली लिव्हअबोर्ड सहल: बोट कशी निवडावी आणि डाइव्हिंगचे कोणते सामान बरोबर न्यावे?

प्रश्न

नमस्कार. आजवरचे माझे सारे डाइव्हिंग किनाऱ्यावर मुक्काम ठेवून, रोज बोटीने जाऊन परत येण्याच्या पद्धतीने झाले आहे. आता आठवडाभराची लिव्हअबोर्ड सहल, म्हणजे बोटीवरच मुक्काम ठेवून डाइव्हिंग, करण्याचे मनात आहे. माझ्याकडे ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर प्रमाणपत्र आहे आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घेण्याचे साधन), बीसीडी (तरंगणे सांभाळणारे, हवा भरता येणारे जाकीट), वेटसूट, फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर व पाण्याखालचा कॅमेरा असे सर्व सामान स्वतःचे आहे, परंतु ते घेऊन विमानप्रवास कधी केलेला नाही. थायलंडची सिमिलान बेटे, मालदीव आणि इजिप्तचा तांबडा समुद्र हे पर्याय समोर आहेत. छायाचित्रे आणि जेवणाची स्तुती यांपलीकडे बोटीचे नेमके काय पाहावे, कोणते सामान न्यावे आणि कोणते तिथे भाड्याने घ्यावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद 1

आधी तारखा ठरवा, म्हणजे ठिकाण निम्मे ठरलेच. सिमिलानचे राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते, त्यामुळे तुमची रजा त्या काळात असेल तर तो पर्याय आपोआप गळतो. तांबड्या समुद्रात ब्रदर्स, डेडॅलस आणि एल्फिन्स्टन या भर समुद्रातल्या प्रवाळभिंतींचे आकर्षण मोठे आहे, पण तिथे प्रवाह जोरदार असतात आणि त्या मार्गासाठी साधारणपणे किमान 50 नोंदवलेल्या डाइव्हची अट असते. तुमच्या लॉगबुकात तेवढ्या नसतील तर उत्तरेचा मार्ग घ्या. त्यात रास मोहम्मदचे प्रवाळ आहेत, आणि 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडालेले थिसलगॉर्म हे मालवाहू जहाज आहे, ज्याच्या पोटात युद्धासाठी निघालेल्या मोटारसायकली आणि ट्रक आजही दिसतात. मालदीवमध्ये मुख्य बोटीबरोबर डाइव्हिंगची स्वतंत्र धोणी (छोटी बोट) चालते आणि सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर व सामान सहसा तिच्यावरच असते, त्यामुळे राहण्याच्या बोटीवर बरीच शांतता मिळते.

आता बोटीविषयी, आणि हे मी कळकळीने लिहीत आहे. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन या डाइव्ह बोटीला आग लागली आणि 34 माणसे दगावली. प्रवासी खालच्या मजल्यावर झोपलेले होते. तिथून वर येण्याचे दोन मार्ग होते, पण दोन्ही एकाच दिवाणखान्यात उघडत होते आणि आग तिथेच भडकली होती. रात्री फिरून पहारा देणारे कोणी नव्हते, याकडेही चौकशीत स्पष्ट बोट दाखवले गेले. म्हणून आरक्षणापूर्वी बोटवाल्यांना लेखी विचारा: खालच्या केबिनमधून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कुठे उघडतो, रात्रभर पहाऱ्यावर कोण असते, आणि बॅटऱ्या चार्ज करण्याची जागा कोणती असून तिथे कोणी लक्ष ठेवते का? चांगली बोट या प्रश्नांची उत्तरे मोकळेपणाने देते. टाळाटाळ दिसली तर कितीही सवलत मिळत असली तरी ती बोट सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटीवर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्या मार्गाने स्वतः एकदा वर जाऊन पाहा. झाकण उघडायला जोर लागतो का आणि त्याच्यावर कोणी पिशव्या रचल्या आहेत का, हे तेव्हाच कळते.

बोट लागण्याचा त्रास असेल तर बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूची केबिन मागा. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

प्रतिसाद 2

सामानाविषयी माझा नियम असा, की ज्यातून श्वास घ्यायचा, जे चेहऱ्यावर बसवायचे आणि जे खोली मोजते ते स्वतःचे असावे आणि विमानात हातातल्या बॅगेतच असावे. रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटर एवढे हाताशी असले, तर मोठी बॅग हरवली तरी बाकीचे बोटीवर बहुधा भाड्याने मिळते. समुद्रात निघून गेलेल्या बोटीवर मागाहून बॅग पोहोचवणे मात्र जवळजवळ अशक्य असते. सिलिंडर आणि शिसाची वजने बोटच पुरवते. वजन कमी करायचेच असेल तर आधी बीसीडी भाड्याने घ्या, फिन्स आणि वेटसूट शक्यतो स्वतःचे न्या, कारण न बसणारा बूट किंवा सैल सूट रोज तीन-चार डाइव्ह करताना फार छळतो. बॅग मऊ, घडी होणारी घ्यावी. कडक सूटकेस केबिनमध्ये ठेवायला जागाच नसते.

कॅमेरा आहे म्हणून दोन गोष्टी. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. त्या हातातल्या बॅगेत, टोके झाकून न्याव्या लागतात. 100 वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, 100 ते 160 च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केले की हा आकडा मिळतो. चाकू, कात्री मात्र चेक-इनमध्येच. दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याच्या हाउसिंगची (जलरोधक कवचाची) मुख्य ओ-रिंग (पाणी अडवणारे रबरी कडे) काढून वेगळ्या डबीत ठेवा. हाउसिंग बंद राहिले तर हवेच्या दाबातील फरकामुळे ते असे घट्ट बसते, की उघडताना कडी तुटण्याची भीती असते.

रेग्युलेटरची सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या आठवड्यात करू नका. महिनाभर आधी करून घ्या आणि नंतर एकदा पाण्यात वापरून पाहा, म्हणजे बारीक गळती असेल तर ती दुरुस्त करायला वेळ राहतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाहेर पडण्याच्या मार्गाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. माझा रेग्युलेटर डीआयएन पद्धतीचा, म्हणजे सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारा आहे. त्याची अडचण येईल का? नायट्रॉक्सचा (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेने डाइव्ह करण्याचा) कोर्स आधी करावा का? आणि परतीचे विमान शेवटच्या डाइव्हनंतर किती वेळाने घ्यावे?

प्रतिसाद 1

डीआयएनवर बसणारा योक (व्हॉल्व्हला बाहेरून पकडणाऱ्या पद्धतीचा) ॲडॅप्टर बरोबर ठेवा. अनेक सिलिंडरांच्या व्हॉल्व्हमधला इन्सर्ट काढला की डीआयएन थेट बसतो, पण सगळीकडे तसे व्हॉल्व्ह असतीलच असे नाही. त्याच पिशवीत जादा ओ-रिंगा, एक माउथपीस, मास्क व फिन्सचे पट्टे आणि थोडे झिप-टाय टाका.

नायट्रॉक्सचा कोर्स अवश्य करा. सलग अनेक दिवसांच्या डाइव्हमध्ये शरीरात साठणारा नायट्रोजन त्यामुळे कमी राहतो, मात्र 32 टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला साधारण 33 मीटरची मर्यादा आहे आणि प्रत्येक सिलिंडर स्वतः विश्लेषकाने तपासूनच कॉम्प्युटरमध्ये टक्केवारी भरावी.

विमानाबाबत, अनेक दिवसांच्या डाइव्हिंगनंतर किमान 18 तास थांबावे असे डॅन या डाइव्हिंग-सुरक्षा संस्थेचे मार्गदर्शन आहे, आणि वर येताना डीकॉम्प्रेशनचे (साठलेला नायट्रोजन बाहेर पडू देण्याचे) थांबे घ्यावे लागलेले असतील तर त्याहून बराच अधिक वेळ. मी तरी पूर्ण 24 तास धरते. बहुतेक बोटी शेवटच्या पूर्ण दिवशी डाइव्ह लवकर आटोपतात ते याचसाठी. त्या दुपारी सामान गोड्या पाण्यात धुऊन उन्हाबाहेर, वाऱ्यावर वाळत घाला. ओला वेटसूट बॅगेत गेला तर त्याचे वजन परतीच्या मर्यादेत बसत नाही.