जमीन महसूल संहितेचा अद्ययावत मराठी पाठ सामान्य माणसाने कोठे आणि कसा शोधावा?

धानबांधी (जि. भंडारा) :

सप्रेम नमस्कार. आमच्या गावात एका खासगी शेतातील बोडीवर (लहान तळ्यावर) पूर्वापार मासेमारी होत आली आहे आणि त्याच शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) गावची ढोरे चराईला जातात. यंदा शेत दुसऱ्याने विकत घेतले आणि दोन्ही गोष्टी बंद केल्या. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा पटवारी म्हणाले की, ‘नवीन जीआर आला आहे, आता असे हक्क राहिलेले नाहीत.’ जीआरचा क्रमांक विचारला, तर तो त्यांना सांगता आला नाही. जुनी जाणती माणसे मात्र ‘वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची सरकारी नोंद) काढा’ एवढेच सांगतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर संहितेची एक पीडीएफ मिळाली. परंतु ती कोणत्या वर्षापर्यंत सुधारलेली आहे, याचा तीत कोठेही उल्लेख नाही. कायद्याचा विश्वासार्ह पाठ, तोही मराठीत, तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला कसा मिळेल? आणि जीआर व कायदा यांत फरक पडल्यास खरे काय मानायचे?

जुना_दफ्तरी (वर्धा) :

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. विधिमंडळ संमत करते तो अधिनियम; त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात शासन करते ते नियम आणि अधिसूचना; आणि प्रशासन चालवण्यासाठी विभाग काढतो तो शासन निर्णय, म्हणजे जीआर. अधिनियमाने दिलेला हक्क जीआर काढून घेऊ शकत नाही. कार्यालयात मात्र जीआर टेबलावर असतो आणि अधिनियम कपाटात, म्हणून बोलताना सगळ्यालाच ‘कायदा’ म्हटले जाते.

जीआर खरोखर असेल, तर तो सापडतोच. त्याच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : हा शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संगणक सांकेतांक अमुक असा आहे. हा लांबलचक आकडा किंवा विभागाचे नाव व दिनांक, यांपैकी काहीतरी तुमच्या पटवाऱ्यांकडून लेखी मागा. तेवढ्यावर राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयांच्या पानावर शोध घेता येतो. क्रमांकही नाही आणि दिनांकही नाही, अशा जीआरवर माझा तरी विश्वास बसत नाही.

अधिनियमासाठी दोन ठिकाणे सांगतो. विधि व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर राज्याचे अधिनियम मराठीत व इंग्रजीत ठेवलेले असतात आणि केंद्राच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्रीय अधिनियमांबरोबर राज्यांचेही मिळतात. शोधताना नावापेक्षा वर्ष आणि क्रमांक वापरा. तुमची संहिता म्हणजे सन १९६६ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ४१. डाउनलोड केल्यावर सर्वांत आधी मुखपृष्ठ पाहा. ‘अमुक दिनांकापर्यंत सुधारित’ अशी ओळ तेथे असते. ती नसेल, तर त्या प्रतीचा उपयोग फक्त कलम कोठे आहे हे समजण्यापुरता करावा. कागदी प्रत हवी असल्यास नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधील शासकीय ग्रंथागारात चौकशी करा.

काळा_कोट (गोंदिया) :

वरील उत्तर बरोबर आहे. वकील या नात्याने थोडी भर घालतो.

मुखपृष्ठावरील दिनांकानंतर झालेली दुरुस्ती हाती लागण्याचे ठिकाण म्हणजे राजपत्र. राज्याचे राजपत्र संकेतस्थळावर आहे. त्याच्या भाग चारमध्ये अधिनियम व अध्यादेश आणि भाग चार-ब मध्ये नियम व वैधानिक आदेश प्रसिद्ध होतात. येथे एक गफलत नेहमी होते. अधिनियम राजपत्रात आला म्हणजे तो त्याच दिवशी लागू झाला, असे नव्हे. पहिल्याच कलमात ‘राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास तो अंमलात येईल’ असे लिहिले असेल, तर ती दुसरी अधिसूचना शोधल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. जमीन महसूल संहितासुद्धा १९६६ ची असली, तरी अंमलात आली १५ ऑगस्ट १९६७ रोजी. त्यापूर्वी विदर्भात मध्य प्रदेशची १९५४ ची संहिता लागू होती. म्हणून आपल्याकडच्या जुन्या कागदांवर कलमांचे आकडे वेगळे दिसतात.

नावांचाही घोळ आहे. ‘मुंबई’ हा शब्द असलेल्या अनेक राज्य अधिनियमांचे नाव २०१२ मध्ये ‘महाराष्ट्र’ असे झाले. ‘मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८’ असे शोधत बसाल, तर जुनी प्रत हाती येईल.

भाषेबद्दल. मराठीत संमत झालेल्या राज्य अधिनियमाचा राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. केंद्रीय अधिनियमांच्या मराठी अनुवादाला असाच दर्जा १९७३ च्या प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधी) अधिनियमाने मिळतो. खासगी प्रकाशकाचे पुस्तक टीपांसाठी उत्तम असते, मात्र दर्जा त्याला नसतो. शंका असेल तेव्हा दोन्ही भाषांतील कलम शेजारी ठेवून वाचावे.

आता तुमचा विषय. कलम १६१ व पुढील कलमे निस्तारपत्रकाची, म्हणजे गावातील बिनभोगवट्याच्या (कोणालाही धारण करायला न दिलेल्या) जमिनीच्या व्यवस्थापनाची आहेत. खासगी शेताला ती लागू पडत नाहीत. तुमचे कलम १६५. जी जमीन किंवा पाणी राज्य शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे, नियंत्रणाखालचे किंवा व्यवस्थापनाखालचे नाही, त्यातील सिंचनाच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या रूढींची नोंद जिल्हाधिकाऱ्यांनी करायची, असे ते सांगते. ही नोंद म्हणजेच वाजिब-उल-अर्ज. बोडी खरोखर खासगी आहे का, हे सातबारावरून आधी निश्चित करा. मालगुजारी (इकडची जुनी जमीनदारी) गेली तेव्हा, १९५१ मध्ये, पुष्कळ तलाव शासनाकडे आले; तुमचे पाणी त्यांतले निघाले, तर हे कलम उपयोगाचे नाही.

वाचनालय_तालुका (जि. यवतमाळ) :

आमच्या सार्वजनिक वाचनालयात असे प्रश्न घेऊन लोक येतात, म्हणून एक व्यावहारिक अडचण नोंदवते. जुने मराठी राजपत्र आणि जुने जीआर एकतर स्कॅन केलेले असतात किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. त्यांत ‘निस्तार’ टंकून शोधल्यास काहीही सापडत नाही आणि माणूस समजतो की, असा कायदाच नाही. अशा फाइलमध्ये अनुक्रमणिका उघडून कलमाच्या आकड्यावरून पानापर्यंत जावे लागते.

कार्यालय दाद देत नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. कर्मचारी आपल्या कामासाठी जे नियम, विनियम व सूचना वापरतात, ते स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन त्या अधिनियमाच्या कलम ४ मध्येच आहे. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ‘कायदा काय आहे ते सांगा’ असे लिहू नका. त्यावर ‘संकेतस्थळ पाहावे’ असे उत्तर येते. ‘अमुक ग्रामसभेत उल्लेख केलेल्या शासन निर्णयाची प्रत द्यावी’ असे लिहा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे.

धानबांधी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सातबारावर बोडी खासगी नावानेच आहे. विधि विभागाच्या संकेतस्थळावरून संहिता उतरवून घेतली आणि कलम १६५ वाचले. परंतु आमच्या गावची नोंद त्यात अर्थातच नाही. ती कोठे असेल?

जुना_दफ्तरी :

ती कायद्यात नसते, दफ्तरात असते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचे नाव, तहसील, बंदोबस्ताचे (जमिनीचा सारा ठरवण्याच्या जुन्या कामाचे) वर्ष माहीत असल्यास तेही, असे लिहून वाजिब-उल-अर्जाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्या. तेथे न मिळाल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात द्या. जुना मजकूर बहुधा हिंदीत किंवा मोडीत निघतो. मोडी असल्यास नकलेबरोबर मूळ पानाची छायाप्रतही मागून घ्या, म्हणजे जाणकाराकडून वाचून घेता येईल. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका आणि नक्कल हाती आली की, वकील साहेबांना दाखवल्याशिवाय धुऱ्यावर कोणी उतरू नये.

काळा_कोट :

अवश्य दाखवा. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेले नागरिक यांना तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.