नुसता आकडा हेच गाण्याचं नाव: यादीत काय घ्यायचं, काय नाही?

अंकलिपी:
माझं मत ठाम आहे. नाव निव्वळ अंकांचं असेल तरच गाणं यादीत. प्रिन्सचं '१९९९' (१९८२), स्मॅशिंग पंपकिन्सचं '१९७९' (अल्बम १९९५ चा), आर्क्टिक मंकीजचं '५०५' (२००७), टेलर स्विफ्टचं '२२' (२०१२). अक्षरी 'वन' नको. ते घेतलं की मेटॅलिका आणि यूटू या बँडची त्याच नावाची गाणी येणार, त्यांच्यामागून 'एकटा', 'पहिला' असं सगळंच, आणि शोधायला काही धरबंद उरत नाही.
संगणकावरच्या संग्रहात एमपीथ्रीटॅगच्या (फायलीतली गाण्याचं नाव, कलाकार ही नोंद, म्हणजे टॅग, बदलणारा प्रोग्राम) फिल्टरमध्ये शीर्षकाला ^[0-9]+$ हा नमुना लावा. टोपी (^) म्हणजे नावाची सुरुवात, डॉलर ($) म्हणजे शेवट, मधे अंकांखेरीज काही नाही. अंक इंग्रजीच टाका. देवनागरी १९७९ आणि 1979 ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हं आहेत, या नमुन्यात देवनागरी बसत नाहीत.

जुनी_कॅसेट:
मत राहू द्या, नमुनाच चुकतोय. '1979' च्या नव्या आवृत्तीला पुढे रेघ आणि 'रिमास्टर्ड 2012' असं शेपूट आहे, प्रिन्सच्या गाण्याला '2019 रिमास्टर'. तुमच्या डॉलरमुळे दोन्ही बाहेर. क्वीनच्या '39 (१९७५) मध्ये आकड्याआधी अपॉस्ट्रॉफी आहे, ती कुठे सरळ असते, कुठे वळणदार. म्हणून असं लिहा:
^['’]?[0-9]+( [-(].*)?$
यात रेघेचं शेपूटही बसतं आणि कंसातलं 'लाइव्ह'ही.
उलटी चूकही होते. टॅग नीट नसलेल्या फायलीत शीर्षकाच्या जागी नुसतं '07' असतं. तो ट्रॅकचा क्रमांक, गाण्याचं नाव नव्हे. शीर्षक आणि ट्रॅक क्रमांक एकच दिसले की आधी कव्हरची मागची बाजू बघा, मगच यादीत घाला.

षड्ज_पंचम:
अक्षरी आकडे वगळणं मला अजिबात पटत नाही. 'एक दो तीन' (तेजाब, १९८८, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आवाज अलका याज्ञिक) यात संख्येशिवाय दुसरा शब्द आहे का? 'तीन' लिहायचं की '३', हा छापणाऱ्याचा निर्णय. तुमच्या नियमाने आपल्याकडचं आकड्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं बाहेर राहतं. शोधताना मात्र रोमन अक्षरांत टाइप करा आणि चित्रपट तपासा. 'बागी २' (२०१८) मधलं श्रेया घोषालच्या आवाजातलं त्याच नावाने येतं, आणि तेजाबच्याच अल्बममध्ये अमित कुमारच्या आवाजातलंही आहे.

अंकलिपी:
ती मोजणी आहे, आकडा नाही. '२२' म्हणजे एक वय, '१९९९' म्हणजे एक साल. एक, दो, तीन हा पाढ्यासारखा क्रम आहे. जुनी_कॅसेट यांची दुरुस्ती मात्र मान्य, माझा नमुना अपुरा होता.

मुखपृष्ठ:
कव्हरवर जे छापलंय तेच नाव, असं धरलं तरी पंचाईत आहेच. व्हॅन हेलनच्या १९८४ च्या अल्बमवर आकडा रोमन अंकांत आहे, एमसीएमएलएक्सएक्सएक्सआयव्ही. आतला पहिला तुकडा '१९८४', जेमतेम १ मिनिट ७ सेकंदांचा, नुसता सिंथेसायझर, गायन नाही. त्याला गाणं म्हणायचं? मी नाही म्हणणार. डेव्हिड बोवीचं '१९८४' ('डायमंड डॉग्ज', १९७४) मात्र पुरेपूर गाणं आहे. म्हणून नाव जुळलं तरी कलाकार आणि अल्बमचं साल नोंदवल्याशिवाय ओळ पक्की करू नये.
म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या ऑनलाइन नोंदकोशात शोधताना 'रेकॉर्डिंग' निवडलंत तर लाइव्ह, रिमिक्स, कव्हर असा ढीग पडतो. 'वर्क' निवडा, तिथे मूळ रचना एकदाच येते. तिथे नोंद नसेल तरच रेकॉर्डिंगकडे वळा. स्पॉटिफायवर इंग्रजीत 'ट्रॅक' लिहून अपूर्णविराम द्या आणि जागा न सोडता आकडा टाका.

षड्ज_पंचम:
मग लॉजिक या रॅपरचं २०१७ चं '1-800-273-8255' कुठे बसवता? शब्द एकही नाही, पण मधल्या रेघांमुळे दोन्ही नमुने नापास. तो आत्महत्या रोखण्यासाठीच्या अमेरिकी हेल्पलाइनचा नंबर आहे. २०२२ पासून तिथे 988 हा छोटा नंबर आला, जुनाही लागतो. माझ्या मते आकडेवाल्या गाण्यांत हे सर्वांत मोलाचं, कारण नाव लक्षात राहिलं की मदतीचा नंबर लक्षात राहतो.

जुनी_कॅसेट:
हे घ्यायलाच हवं. [0-9]+ च्या जागी [0-9][0-9-]* करा, रेघा चालतील. टॉमी टुटोन या बँडचं 867-5309 तरीही बसणार नाही, त्याच्या नावात तिरक्या रेघेपुढे 'जेनी' आहे. ते हाताने तपासूनच ठरवा.