रक्त तपासल्याशिवाय व्हिटॅमिनचं इंजेक्शन घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

नौपाडावासी

आई ६८ वर्षांची. गुडघे दुखायचे, थकवा यायचा. घराजवळच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी कमी असेल म्हणून ६ लाख युनिटचं इंजेक्शन दिलं. महिन्याभराने हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनीही तेच दिलं. आधीचं घेतलंय हे आईने सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मग शेजारणीच्या सांगण्यावरून तिने गल्लीतल्या दवाखान्यात तिसरं घेतलं. शिवाय दर रविवारी ६०,००० युनिटची पावडर दुधातून सुरूच होती.

दिवाळीच्या आधी तिला उलट्या सुरू झाल्या, बद्धकोष्ठता झाली. सारखी तहान लागायची, रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायची. एका सकाळी तिने मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. रक्तात कॅल्शियम १३ च्या वर निघालं, ते साधारण साडेदहापर्यंत असायला हवं. सहा दिवस सलाईनवर होती. डी चरबीत साठतं आणि महिनोन्‌महिने उतरत नाही, हे मला तिच्या पलंगाशेजारी बसून कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं: रिपोर्ट हातात असल्याशिवाय कुठल्याही व्हिटॅमिनची सुई नको. आणि डी तर सुईने घ्यायची वेळ फारच थोड्यांवर येते, बाकीच्यांना पावडर किंवा कॅप्सूल पुरते.

कोपरखैरणेकर

ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण "कुठल्याही व्हिटॅमिनची" हे मला मान्य नाही.

माझे वडील एपीएमसीत माथाडी होते. बारा वर्षं डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेतात. त्या गोळीने बी१२ कमी होतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आधी पायाला मुंग्या यायच्या, ते आम्ही साखरेवर ढकललं. पुढे चालता चालता पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागायचं. वाशीतल्या डॉक्टरांनी घोट्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा टेकवला आणि विचारलं, "काका, काही जाणवतंय?" वडील म्हणाले, "तुम्ही लावलाय कुठे?"

डॉक्टरांनी रक्त काढून घेतलं आणि त्याच संध्याकाळी पहिलं इंजेक्शन दिलं, रिपोर्टची वाट पाहिली नाही. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, बी१२ फक्त ११०. निदान २०० तरी हवं. दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. तीन महिन्यांनी बेसिन न धरता उभे राहू लागले. नस एकदा कायमची गेली की परत येत नाही. तुमचा नियम तिथे लावला असता तर?

नौपाडावासी

दादा, रक्त आधी काढून घेतलं, मग सुई दिली, हे मला पूर्ण मान्य आहे. "रिपोर्ट हातात" हे माझं वाक्य बी१२ पुरतं मागे घेते. डी च्या बाबतीत नाही.

पाचपाखाडीचा केमिस्ट

तीस वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून वेगळं सांगतो. बी१२ लासुद्धा बहुतेकांना सुईची गरज नसते.

जेवणातलं बी१२ शरीरात जायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं. ते नसेल तर साधं अन्न उपयोगाचं नाही, म्हणून लोकांना वाटतं की मग सुईच हवी. पण मोठ्या डोसच्या गोळीतलं साधारण एक टक्का त्या प्रथिनाशिवायही रक्तात उतरतं. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतले १० मायक्रोग्रॅम झाले. दिवसाची गरज दोन-अडीच. नसांना इजा झाली असेल, सतत उलट्या होत असतील, कमतरता फार तीव्र असेल, तर सुई घ्याच. नुसता रिपोर्ट कमी आलाय आणि बाकी माणूस ठणठणीत आहे, तर गोळी घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. लोक जुनी चिठ्ठी घेऊन "तेच लाल इंजेक्शन द्या" म्हणतात. त्यातल्या बऱ्याच इंजेक्शनांत बी१ आणि बी६ सुद्धा असतं, बी६ कधी कधी १०० मिलिग्रॅम. रोजची गरज दोनेक मिलिग्रॅमची. जास्त बी६ दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच पाय बधिर होतात. माणसाला वाटतं कमतरता अजून भरली नाही, म्हणून तो आणखी सुया घेतो. जुन्या चिठ्ठीवर मी देत नाही. गिऱ्हाईक रागावून समोरच्या दुकानात जातं, जाऊ दे.

कोपरखैरणेकर

काका, गोळीचं गणित पटलं. पण वडिलांच्या डब्यात सकाळच्याच सात गोळ्या आहेत. आठवी ते उशीखाली ठेवतात, मला गादी झटकताना सापडतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सुई टोचली की मी निर्धास्त. घेतली न जाणारी गोळी कागदावरच चांगली.

घोडबंदर रोड

एवढा बाऊ कशाला? बी१२ जास्त झालं तर लघवीवाटे जातं. मी दर महिन्याला व्हिटॅमिनची ड्रिप घेतो, दोन दिवस मस्त ताजंतवानं वाटतं.

कळव्याची सिस्टर

घोडबंदर रोड, ड्रिपमध्ये अर्धा-एक लिटर पाणी आणि मीठ जातं, तासभर आडवं पडायला मिळतं, त्यानेही बरं वाटतं. पण थकवा कशाने येतो ते शोधलंय का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप? कारण तसंच राहतं आणि शिरेत दर महिन्याला सुई जाते.

आता सगळ्यांसाठी. गोळी की सुई, यावर बोललात. सुई कोण देतंय आणि कशी, यावर कोणीच बोललं नाही. बावीस वर्षं सुया देतेय. अँप्युल तुमच्यासमोर फोडली पाहिजे, सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर उघडलं पाहिजे. मिथाइलकोबालामिन, म्हणजे सुईतलं बी१२, उजेडाने खराब होतं, म्हणून तपकिरी काचेत येतं. आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली सिरिंज दिसली तर उठून निघून या, शरम वाटू देऊ नका. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नावच्या बांगरमऊत एकच सुई पुन्हा पुन्हा वापरल्याने कितीतरी लोकांना एचआयव्ही झाला. तेही साध्या ताप-खोकल्यासाठीच गेले होते.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्नायूत रक्त साचतं. कमरेखाली द्यायची तर वरच्या बाहेरच्या भागात, खाली मध्ये दिली तर पायाच्या मोठ्या नसेला धोका. बी१ असलेल्या इंजेक्शनाने क्वचित एकदम रिअॅक्शन येते, म्हणून पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवायचं आणि जवळ अॅड्रेनालिन, म्हणजे रिअॅक्शनवरचं तातडीचं औषध, हवं. घरी बोलावून पलंगावर सुई घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. अंगात रक्त अगदीच कमी असेल तर बी१२ सुरू केल्यावर पहिल्या दिवसांत पोटॅशियम घसरू शकतं, तिथे डॉक्टरांची नजर हवीच.

माळकरी

आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. बी१२ वनस्पतींत नसतं, दूध-दही तेवढं मिळतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कमतरतेवर वर्षानुवर्षं काम केलंय, गरोदर बायकांपासून मुलांपर्यंत. आमच्याकडे सुनेला गरोदरपणी फक्त फॉलिक ॲसिड चालू होतं. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा आतून झिजत राहतात, हे तिच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही घाबरलो. आता घरातले सगळे बी१२ ची गोळी घेतात. सुई कोणालाच लागली नाही. सिस्टर, मी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर २००० च्या वर आलं, बंद करू का?

कळव्याची सिस्टर

घेत असताना तपासलं की आकडा वर येतोच, त्यावर घाबरू नका. पण मनाने बंदही करू नका, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून डोस ठरवा. कोपरखैरणेकर, वडिलांची सुई चालू ठेवा, फक्त त्यात बी६ किती आहे ते खोक्यावर वाचून इथे लिहा.

कोपरखैरणेकर

खोकं फेकलं. उद्या केमिस्टकडून नाव घेतो.

नौपाडावासी

सिस्टर, आईसाठी एक शंभर पानी वही केली. कुठली सुई, किती युनिट, कोणी दिली, कुठल्या तारखेला, सगळं त्यात. दवाखान्यात जाताना ती वही आता तीच पिशवीत घालते. परवाचं कॅल्शियम १०.१ आलं.