जिप्सीचं इंजिन जोरातलं बांधलं. आता ऑइल पंप मोठा टाकू का? आणि तेल कोणतं?

जिप्सीवाला_भिवापूर
नमस्कार मंडळी. मी भिवापूरकडचा, घरी मिरची आणि सोयाबीन. दोन वर्षांआधी ताडोब्यात सफारीला चाललेली एक मारुती जिप्सी घेतली. एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली), 16 व्हॉल्व्ह, 1298 सीसी. धूर मारायची म्हणून यंदा पोळ्याच्या आधी इंजिन खोललं. खोललंच आहे तर थोडं जोरातलं बांधू म्हटलं. 0.50 ओव्हरसाइज पिस्टन, हेड फेसिंग करून कॉम्प्रेशन वाढवलं, कॅम ग्राइंड करून आणला, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) बदललं. क्रँकला फक्त पॉलिश मारली, मेटल (क्रँकचे बेअरिंग) नवे टाकले.

थंड असताना एकदम मस्त. पण पंधरा-वीस किलोमीटर हाणली आणि उमरेडच्या चौकात स्लोवर (रेस न देता, इंजिन चालू) उभी केली, की तेलाच्या प्रेशरचा लाल दिवा मिचमिच करतो. जरा रेस दिली की विझतो. सध्या आत 5डब्ल्यू-30 आहे. मिस्त्री म्हणतो, बोर वाढला, रेस वाढली, आता हाय व्हॉल्यूम पंप मागव. मित्र म्हणतो 20डब्ल्यू-50 ओत. मोठा भाऊ म्हणतो घरी ट्रॅक्टरच्या तेलाची बादली पडली आहे, तेच टाक, गाडी काही रडणार नाही. कोणाचं ऐकू? गाडी शेतात चालते, आणि कधीमधी हौस म्हणून चढावर.

वऱ्हाडी_टर्बो
विचार काय करता भाऊ, मोठा पंप आणि 20डब्ल्यू-50. माझ्या गाडीत दोन्ही आहे, प्रेशरचा काटा कायम वर चिकटलेला. एकदम टेन्शन फ्री.

लेथवाला_काका
टर्बो भाऊ, काटा वर चिकटला म्हणजे तेल पोचलं असं नाई. प्रेशर म्हणजे तेलाले झालेला अडथळा. उसाच्या रसाच्या नळीले बोट लावलं तर प्रेशर वाढते, गिलासात रस कमीच पडते.

आता भिवापूरवाल्या बाबू, तुले सांगतो. मी बोरिंग मशीन आणि लेथवर तीसेक वर्षं काढली, आता पोरगा पायते. मोबाइलवर टाइप करायले मले वेळ लागते, म्हणून सबुरीनं वाच.

पहिले तर तुह्या मिस्त्रीचा हिशेब. बोर 74 मिमीचा 74.5 झाला, त्याचा तेलाच्या पंपाशी काई संबंध नाई. तेल खाते ते मेटल, आणि ते किती खाते हे ठरते क्रँक आणि मेटलमधल्या गॅपवर. हा गॅप लय बदमाश हाय. दुप्पट झाला तर तेल दुप्पट नाई, आठपट वाहून जाते. म्हणून मी पहिले विचारीन, गॅप मोजला का? नवे मेटल टाकले म्हणजे गॅप बरोबर असते, असं कोणी सांगितलं? क्रँक झिजलेली असन तर नवे मेटलही ढिल्लेच बसते.

मोजायचं सोपं हाय. प्लास्टिगेजचा मेणासारखा धागा येते. जर्नलवर (क्रँकचा जो गोल भाग मेटलमधे फिरते) आडवा ठेवायचा, कॅप बरोबर टॉर्कनं कसायची, क्रँक बिलकुल फिरवायची नाई, परत खोलायची. धागा चेपून पसरलेला दिसते. जितका रुंद पसरला तितका गॅप कमी. पाकिटावरच्या पट्टीशी जुळवून पाय. जुना ठोकताळा असा, की जर्नलच्या दर इंचाले एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तुह्या गाडीची क्रँकपिन (कनेक्टिंग रॉड बसते ते जर्नल) 42 मिमीची, म्हणजे गॅप 0.04 मिमीच्या आसपास. जोरातल्या इंजिनाले थोडा जास्त चालते. 0.07-0.08 निघाला तर पंपाची गोष्ट सोड, क्रँक घेऊन लेथवर ये.

आता पंप. तुह्या इंजिनात पंप समोर, थेट क्रँकच्या नाकावर बसते. आत दोन रोटर, एकात एक. क्रँकचा एक फेरा, पंपाचा एक फेरा. म्हणजे रेस वाढली की पंप आपोआप जास्त तेल ढकलते, तेही गरजेपेक्षा जास्त. जास्तीचं रिलीफ व्हॉल्व्हमधून (प्रेशर वाढलं की उघडणारी स्प्रिंगवाली खिडकी) परत मागं जाते. मोठा पंप टाकला तर हेच परत जाणारं तेल वाढन, त्यात इंजिनाची ताकद जाईन आणि तेल उगाच तापन. शिवाय हाय व्हॉल्यूम आणि हाय प्रेशर या दोन येगळ्या गोष्टी हायत. एकात रोटर रुंद, दुसऱ्यात फक्त रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक. स्प्रिंग कडक करून स्लोवरचा दिवा विझत नाई बाप्पा, कारण स्लोवर व्हॉल्व्ह बंदच असते. काई जण स्प्रिंगखाली वॉशर टाकून देते, ते तर बिलकुल करू नको.

तू आहे तोच पंप खोल. मागची प्लेट काढ, रोटरवर सरळ पट्टी ठेव आणि खालून फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पत्री) घाल. 0.15 मिमीपेक्षा जाड पत्री गेली तर बदल. बाहेरचा रोटर आणि बॉडीमधला गॅप 0.31 च्या वर गेला तरी बदल. आणि बदलायचा तो कंपनीचा साधा नवा पंप, मोठा नाई. रिलीफ व्हॉल्व्हची गोळी बोटानं सरकून पाय, कचऱ्यानं अर्धवट उघडी अटकली असन तर गरम स्लोवर हेच होते.

आता जे सांगतो ते माह्या स्वतःच्या खिशातून गेलं हाय. काई वर्षांखाली मले टायफाइड झाला होता, म्हणून माह्या जीपचं इंजिन बांधायले बाहेर एका गॅरेजात दिलं. बांधून आणलं, हजारही किलोमीटर झाले नाई, दिवा लागला. मी लेथवाला माणूस, पण मलेही वाटलं पंप गेला. नवा पंप आणला, बसवला. दिवा तसाच. तिसऱ्या दिवशी वर्ध्याच्या रस्त्यावर खडखड सुरू झाली. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवलं आणि डोकं धरून बसलो. पंप ज्यातून तेल ओढते त्या जाळीवर करड्या सिलिकॉनच्या शेवया! चेंबरच्या पॅकिंगले गॅरेजवाल्यानं अर्धी ट्यूब पिळली होती, आतल्या बाजूनं बाहेर आलेलं तुटून तेलात पडलं आणि पंपानं ओढून जाळीवर नेऊन बसवलं. चार नंबरचं मेटल तांब्यापर्यंत खाल्लेलं. पंप मोठा असता तर शेवया अजून जोरानं ओढल्या असत्या, बाकी काय?

म्हणून सांगून रायलो, चेंबर आधी उतरव. जाळी पाय. जाळीच्या नळीची ओ-रिंग (रबराची गोल कडी) पाय, ती कडक झाली की पंप तेलासंगं हवा ओढते. आणि जाळी ते चेंबरचा तळ किती अंतर हाय हे मातीचा गोळा चेपून मोज. पोरांच्या खेळण्यातली रंगीत माती घे. 6 ते 10 मिमी पायजे. सफारीची गाडी हाय, चेंबरले खालून दगडाचा ठोका बसलेला असू शकते, आणि मग जाळी तळाले टेकते.

आणि हे सगळं करायच्या आधी मेकॅनिकल प्रेशर गेज लाव. दिव्याचा स्विच साधारण 0.3 ते 0.5 बारवर लागते, तोवर तर इंजिनाचं अर्धं लगन लागून गेलेलं असते. ठोकताळा, मिनिटाच्या दर हजार फेऱ्याले 10 पीएसआय (1 बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय), गरम तेलावर.

तेल कोणतं ते गेजचा काटा पाहून मंग सांगतो. बोटं दुखली.

कोलारा_चालक
काकांशी शंभर टक्के सहमत. मी सफारीच चालवतो. आमच्या गाड्या दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वाघ दिसला की इंजिन चालूच, उन्हाळ्यात पारा 45 च्या वर. मीटरवर किलोमीटर दिसत नाहीत पण इंजिन किती तास चाललं ते पाहा. म्हणून मी तेल किलोमीटरवर नाही, तासांवर बदलतो. तुम्ही घेतलेल्या गाडीची क्रँक मीटरपेक्षा म्हातारी असणार, फक्त पॉलिशवर विश्वास ठेवू नका.

आणि मोठ्या भावाला सांगा, ट्रॅक्टरच्या तेलाची बादली ट्रॅक्टरलाच राहू द्या.

जिप्सीवाला_भिवापूर
काका, रविवारी चेंबर उतरवलं. तुमच्या शेवया नाही निघाल्या, पण जाळीच्या नळीची ओ-रिंग जुनीच परत बसवलेली होती. नखानं दाबली तर काचेसारखी, मधे चीर. जाळी ते तळ 7 मिमी आला, मुलीची हिरवी माती घेतली म्हणून घरात रडारड झाली ते वेगळं. प्लास्टिगेजनं चारही क्रँकपिन मोजल्या: 0.045, 0.045, 0.05, 0.05. पंपाच्या रोटरवरचा गॅप 0.08 आला. नवी ओ-रिंग टाकून बांधलं, गेज लावलं. गरम स्लोवर 14-15 पीएसआय, 3000 फेऱ्यांवर 48. दिवा गप्प. मग आता तेल?

लेथवाला_काका
झालं ना बा! गॅप चांगला हाय.

तेलाच्या डब्यावरचा दुसरा आकडा 100 डिग्रीवरची जाडी सांगते. 30 म्हणजे 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक (जाडी मोजायचं माप), 40 म्हणजे 12.5 ते 16.3, 50 म्हणजे त्याच्या वर 21.9 पर्यंत. पण तू मे महिन्यात चढावर हाणली, तेल 130 वर गेलं, तर 40 चं तेलही 100 वरच्या 30 पेक्षा पातळ होते. म्हणून तुह्या गॅपले आणि आपल्या उन्हाले 10डब्ल्यू-40 बरोबर. 20डब्ल्यू-50 नको. डिसेंबरात सकाळी 8-10 डिग्री असते, ते जाड तेल पंपाले ओढायले जड जाते, आणि चालू करताना पहिले काई सेकंद वरचा कॅम कोरडाच फिरते. तुह्या गाडीत रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) कॅमवर घासून चालते आणि तुहा कॅम ग्राइंड केलेला, तिथंच पहिले झीज होईन. आता 500 किलोमीटर साधं मिनरल 10डब्ल्यू-40 वापर, मग तेल-फिल्टर बदलून सिंथेटिक टाक.

ट्रॅक्टरच्या तेलात जस्ताचं अ‍ॅडिटिव्ह जास्त असते, कॅमले ते बरं, हे मी नाकारत नाई. पण त्यातला फॉस्फरस तुह्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरले (धूर साफ करायचा डबा) खाते. कन्व्हर्टर काढून टाकला असन तर मले सांगू नको.

चढावर जाताना गेजकडे पाय. वळणावर किंवा उभ्या चढावर काटा पडला तर पंपाचा दोष नाई, तेल चेंबरात मागं सरकते. आत पत्र्याचे आडवे बॅफल (तेल अडवायच्या पट्ट्या) वेल्ड करून घे. तेल 120 च्या वर जात असन तरच कूलर, आणि तोही थर्मोस्टॅटवाला.

पुढच्या वेळी पंप खोललाच तर बसवताना रोटर कोरडे ठेवू नको, तेलानं भरून बसव. प्लग काढ, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढ, आणि काटा हलेपर्यंत नुसता स्टार्टर मार. ती जुनी ओ-रिंग फेकू नको. मिस्त्रीले दाखव.

जिप्सीवाला_भिवापूर
दाखवली काका. हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "मोठा पंप असता तर हवा काढून तेल ओढलं असतं."