फुफ्फुसातील नोड्यूल शोधणाऱ्या दोन एआय प्रणालींची तुलना कशी करावी?

निवासी डॉक्टर, रेडिओलॉजी, पुणे:
नमस्कार. आमच्या विभागात छातीच्या सीटीवरील नोड्यूल (फुफ्फुसातील लहान गाठी) शोधणाऱ्या दोन एआय प्रणाली चाचणीसाठी बसवल्या आहेत. लुना१६ या अशा प्रणाली तपासण्यासाठीच्या सीटी स्कॅनच्या माहितीसंचावरील दोघींचे आकडे उत्तम आहेत. आमच्या स्कॅनवर मात्र पहिली प्रणाली क्षयाच्या जुन्या, कॅल्शियम साचलेल्या प्रत्येक व्रणावर खूण करते, तर दुसरी रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ सोडून देते. निवड कोणत्या निकषावर करावी?

रेडिओलॉजिस्ट, कोथरूड:
लुना१६ मध्ये ८८८ स्कॅन आहेत आणि ते अमेरिकेतील एलआयडीसी या छातीच्या सीटी स्कॅनच्या संग्रहातून घेतलेले आहेत. चारपैकी किमान तीन रेडिओलॉजिस्टांनी मान्य केलेल्या, ३ मिमी किंवा त्याहून मोठ्या गाठीच त्यात खऱ्या धरल्या आहेत. आपल्याकडे क्षयाचे व्रण रोजचेच असल्यामुळे तिथले गुण इथे जसेच्या तसे लागू होतील, असे मानणे धोक्याचे आहे. शिवाय एका स्कॅनमागे किती खोट्या खुणा होतात हे सांगितल्याशिवाय सेन्सिटिव्हिटीच्या (खऱ्या गाठींपैकी किती सापडल्या याच्या) आकड्याला अर्थ नाही. आपल्याच विभागातील सलग स्कॅन घ्या, निवडक नकोत. त्यात निरोगी फुफ्फुसेही येऊ द्या. दोन वरिष्ठांनी एआयच्या खुणा न पाहता स्वतंत्रपणे वाचन करावे आणि मतभेद तिसऱ्याने सोडवावा. मग दोन्ही प्रणाली खोट्या खुणांच्या समान पातळीवर आणून किती गाठी सापडल्या ते मोजा. घन, अंशतः घन आणि ग्राउंड ग्लास (धुरकट काचेसारख्या पुसट दिसणाऱ्या) गाठींचा हिशेब वेगवेगळा ठेवा, कारण एकत्रित सरासरीत ग्राउंड ग्लासमधले अपयश झाकले जाते, आणि हळू वाढणारे अॅडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) अनेकदा त्याच रूपात दिसतात.

छातीविकारतज्ज्ञ, औंध:
डॉक्टर, मोजमापही तपासा, ही विनंती. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या इमेजिंगमधील तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, कमी जोखमीच्या रुग्णातील ६ मिमीपेक्षा लहान, एकट्या घन गाठीसाठी नेहमीच्या फेरतपासणीची गरज नसते. ६ ते ८ मिमीच्या गाठीसाठी मात्र ६ ते १२ महिन्यांनी सीटी सुचवला आहे. एका प्रणालीने ५ आणि दुसरीने ६ मिमी सांगितले, तर माझ्यासमोर बसलेल्या रुग्णाचे पुढचे वर्ष बदलते. गोल गाठीचा व्यास सुमारे २६ टक्क्यांनी वाढला की आकारमान दुप्पट होते. म्हणून जुन्या आणि नव्या स्कॅनमधील तीच गाठ प्रणाली बरोबर जुळवते का, हेही पाहावे. ही तत्त्वे ३५ वर्षांखालील व्यक्तींना, कर्करोगाच्या ज्ञात रुग्णांना आणि प्रतिकारशक्ती घटलेल्यांना लागू नाहीत, हे अहवाल लिहिताना ध्यानात असावे.

निवासी डॉक्टर, रेडिओलॉजी, पुणे:
मनःपूर्वक आभार. आमचे बरेच जुने स्कॅन ५ मिमी जाडीच्या स्लाइसमध्ये (सीटीच्या आडव्या छेदांमध्ये) साठवलेले आहेत. ते या तुलनेत घ्यावेत का?

रेडिओलॉजिस्ट, कोथरूड:
घेऊ नयेत. तेवढ्या जाड स्लाइसमध्ये लहान गाठ आजूबाजूच्या हवेत मिसळून फिकी दिसते, त्यामुळे घन गाठही ग्राउंड ग्लास वाटू शकते आणि दोन्ही प्रणालींवर अन्याय होतो. लुना१६ मधूनही २.५ मिमीपेक्षा जाड स्लाइसचे स्कॅन वगळलेले आहेत. १ मिमीच्या आसपासचे स्कॅन यापुढे जपून ठेवायला सांगा आणि तुलना त्यांवरच करा.