मॅकडॉवेलचा प्रश्न नुसता विम्याचा नाही

वर कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 2014 लाच मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) वाढवून जास्त लोकांना दिलं, तरी तिथली मॅकडॉवेल काउंटी आयुर्मानात तळालाच, म्हणजे दोष लोकांच्या सवयींचा. सिगरेट, पेनकिलरची व्यसनं आहेत तिथे, ते कोण नाकारतंय, पण विम्याचं कार्ड हातात असणं आणि डॉक्टरसमोर बसणं यात फार अंतर आहे हो. या काउंटीतून एकही इंटरस्टेट (मोठा राष्ट्रीय हायवे) जात नाही, डोंगरातला वळणावळणाचा रूट 52 हाच मुख्य रस्ता, आणि शेजारच्या ब्लूफिल्डच्या हॉस्पिटलने 2020 मध्ये पेशंट ॲडमिट करणं थांबवलं, मागे फक्त इमर्जन्सी राहिली, म्हणजे आता त्याच राज्यातलं प्रिन्स्टन गाव गाठा. 1950 ला जवळपास 99 हजार वस्ती होती, 2020 ला 19 हजार, मग स्पेशालिस्ट कशाला येतोय तिथे!

आम्ही राहतो त्या व्हर्जिनियातल्या श्रीमंत फेअरफॅक्स काउंटीमध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान 82 आणि तिकडे 64, ही तुलना दहाएक वर्षांपूर्वी बरीच गाजली होती. पण त्यात तिथल्या खाणींतल्या कोळशाच्या धुळीने निकामी झालेली फुप्फुसं कोणी धरतच नाही, ती काय सवय आहे का? आणि एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही, मेडिकेडमध्ये अपॉइंटमेंटला नेण्या-आणण्याची सोयही बसते, गाडी नसेल तर राइड मिळते किंवा पेट्रोलचे पैसे, फक्त आधी फोन करून बुक करावं लागतं. कोणाच्या ओळखीत मेडिकेडवाले असतील तर सांगा त्यांना, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.