मदत हवी आहे: बी.टेक. कॉम्प्युटरसोबत बी.कॉम. कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी विचारतोय. नागपुरात बी.टेक. कॉम्प्युटर करतोय, सोबत इग्नूतून बी.कॉम. घ्यायचंय. यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, तो प्रश्न नाही. अडकतंय डिसेंबरात: इग्नूचे पेपर आणि कॉलेजची हिवाळी परीक्षा एकमेकांवर येतात. जूनला ढकलावेत तर उन्हाळी परीक्षा डोक्यावर. शिवाय असाइनमेंट वेळेत गेली नाही तर पेपर लिहूनही विषय सुटत नाही. कुणी विषय कसे वाटून घेतले?

संख्याशास्त्र, लिनिअर अल्जेब्रा बी.टेक.मध्येच होतं, खरी उणीव ताळेबंद आणि रोख प्रवाह वाचण्याची, असं मला वाटतं. तेवढ्यासाठी बी.कॉम.ऐवजी सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) लेव्हल १ पुरेल का? पदवीला २३ महिने उरले की त्याला बसता येतं.